पासंग

हलकं ते चांगलं, या मताचा हल्ली फार बोलबाला झाला आहे. नाश्ता हलका हवा, चादर हलकी हवी, सुटकेस हलकी हवी, आणि नाटकसुद्धा ‘जरा हलकंफुलकं’ असेल तरच घरची मंडळी उंबरा ओलांडतात. एवढ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. काउंटरवर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला खिसा हलका झालेले चेहरे रोजच बघावे लागतात. त्याला हलकेपणाचं वावडं असून चालत नाही. परंतु हे मत जेव्हा रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत शिरलं, आणि ‘गाडीच्या किमान वजनाचा नियम ताबडतोब रद्द करावा’ असा सात सह्यांचा अर्ज माझ्या हातात पडला, तेव्हा मात्र मला लेखणी उपसावी लागली. (बँकेतली लेखणी दोरीने काउंटरला बांधलेली असते. उपसायला थोडा वेळ लागला.)

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाचा आणि रिमोटच्या गाड्यांचा काय संबंध? संबंध भाच्यामार्फत आहे. भाचा आणि त्याच्यासारखी वीस-पंचवीस पोरं दर रविवारी गावाबाहेरच्या एका पडीक मैदानावर या गाड्या पळवतात. वर्गणी जमू लागली तेव्हा खजिनदार हवा म्हणून मला ओढलं. पुढे शर्यतीआधी गाड्या वजन करून घ्यायचं ठरलं, तेव्हा ‘मामा बँकेत आहे, काटा त्याच्याकडेच द्या’ असा ठराव झाला. माझ्या घरच्यांचा समज असा की बँकेतला माणूस सोनं तोलतो. मी गेली कित्येक वर्षं पासबुकं छापून देतो आहे, हे त्यांना सांगायचा धीर होत नाही. असो. तेव्हापासून मी त्या मंडळाचा खजिनदार आणि वजनदार, अशा दोन्ही पदांवर आहे. दुसऱ्या पदाबद्दल माझ्या पोटाकडे बघून कोणी शंका घेतलेली नाही.

या गाड्यांना खेळणं म्हणायचं नाही. भाचा रागावतो. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, हातभर लांबीची, पण प्रत्येक चाकाला वेगळं सस्पेन्शन, तेल भरलेले शॉक, लिथियमची बॅटरी आणि माझ्या स्कूटरला लाजवील अशी मोटर. हा प्रकार आजकालचा नाही. कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड कंपनीने ‘आरसी-टेन’ नावाची अ‍ॅल्युमिनियमच्या तबकाची गाडी काढली ती १९८४ साली, आणि विजेवर चालणाऱ्या, मातीतल्या अशा गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा तिकडेच, डेल मारला झाली ती १९८५ साली. म्हणजे आम्ही शाळेत कंचे खेळत होतो तेव्हापासून जगातली काही माणसं गंभीर चेहऱ्याने गाडीचे ग्रॅम मोजत बसली आहेत.

ग्रॅम मोजण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. काय मोजावं आणि कशासाठी, याबद्दल आहे.

आमच्या मंडळाचा नियम साधा. मागच्या दोन चाकांना ताकद असलेली गाडी बॅटरीसकट १,५०० ग्रॅमच्या खाली भरली तर तिला शर्यतीत उतरता येत नाही. ज्यांची कमी भरते त्यांनी वजन चिकटवायचं. सात अर्जदारांचं म्हणणं असं : एक, गाडी जितकी हलकी तितकी वेगवान, मग वेगाच्या खेळात वजनाची सक्ती म्हणजे धावपटूच्या पायात बेडी. दोन, या नियमामुळे पोरांना विनाकारण महागडी पितळी वजनं विकत घ्यावी लागतात. तीन, हलकी गाडी आपटली तर कमी मोडते. सह्या नीट तपासल्या. सातही जणांच्या गाड्या मूळच्या १,४०० ग्रॅमच्या आत भरतात. ज्याचं खातं आहे त्याचीच सही आहे, तेव्हा अर्ज विधियुक्त आहे. आता गुणदोषांकडे वळू.

पहिला मुद्दा. हलकी गाडी लवकर वेग घेते, हे खरं आहे. ताकद तीच आणि ओझं कमी, तर धाव जास्त. याला न्यूटन लागत नाही, सासरवाडीहून परत येताना सामान उचललेलं असलं तरी पुरे. पण हे खरं केव्हा? चाकाने जमीन धरली असेल तेव्हा. चाक जागच्या जागी फिरलं तर मोटरची सगळी ताकद धूळ उडवण्यात खर्च होते. मे महिन्यात आमच्या मैदानावर मुरमाची अशी काही भुकटी होते की गाडी सुटल्यावर पहिल्यांदा दिसतो तो धुरळा, आणि त्यातून सगळ्यांत आधी बाहेर येते ती गाडी बहुधा सगळ्यांत हलकी नसते. जिच्या मागच्या चाकांवर भार नीट बसला आहे, ती असते.

ही गोष्ट आपल्याकडे बैलगाडी हाकणाऱ्याला कोणी शिकवावी लागली नाही. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझं पुढे जास्त झालं की बैलांची मान मोडते. म्हणून पोती भरून झाली की तो एकदा जू हाताने तोलून बघतो, एक पोतं पुढे ओढतो किंवा मागे ढकलतो, आणि मगच बैल जुंपतो. पोती तेवढीच आणि एकूण वजनही तेवढंच, तरी गाडी बदलली. ‘उलाळ’ हा शब्द ज्या भाषेत आहे त्या भाषेत वाढलेल्या पोरांनी गाडीचं वजन म्हणजे काट्यावरचा एकच आकडा समजावा, याचं मला वाईट वाटतं.

आता हेच आमच्या गाडीला लावा. स्वयंपाकघरातले दोन काटे घ्या. एकावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची. समजा १,५०० पैकी मागे ९३० आले आणि पुढे ५७०. म्हणजे बासष्ट टक्के भार मागे. सुट्या धुळीत हे बरं, कारण ढकलणारी चाकं मागची आहेत. पण फार मागे नेलात तर पुढची चाकं हलकी पडतात. वळणावर तुम्ही सुकाणू फिरवता, चाकं नम्रपणे वळतात, आणि गाडी सरळ कुंपणात जाते. आमच्या शाखेत वरून आलेल्या परिपत्रकाचं असंच होतं. सगळे माना वळवतात, कामकाज सरळ चालू राहतं.

उलट मैदान घट्ट असेल, पाणी मारून खळ्यासारखं चोपलेलं असेल किंवा गालिचा अंथरलेला असेल, तर गणित फिरतं. तिथे पकड मुबलक असते. शाळेत शिकवतात की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं. टायर तेवढा हिशेबी नाही. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीला थोडी कमीच वाढते. मोठ्या ठेवीला दर थोडा कमी, तसं समजा. त्यामुळे जिकडे भार जास्त तिकडची चाकं वळणावर आधी सुटतात. मागे जड मोटर लोंबत असेल तर ती लंबकासारखी झोका घेते आणि गाडी गिरकी मारून स्वतःचंच शेपूट बघते. म्हणूनच आरसी-टेनच्या काळात मागच्या आसाच्या मागे असलेली मोटर, घट्ट आणि आच्छादित मैदानं वाढली तशी गाडीच्या पोटात, दोन आसांच्या मधे सरकली. टीएलआरची २०११ सालची ‘ट्वेंटी-टू’ ही गाडी तर दोन्ही पद्धतींनी जोडता यायची : धुळीत मोटर मागे, पकडीत मधे. मोटर तीच, गाडी तीच, फक्त जागा बदलायची.

तिसरी गोष्ट उंची. ब्रेक दाबला की भार पुढे येतो, वळलं की बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे वजन किती उंचावर बसलंय यावर ठरतं. डोक्यावर दोन हंडे घेऊन चालणारी बाई वळण कशी घेते ते बघा, म्हणजे सूत्र पाठ करायला नको. घट्ट मैदानावर वजन वर असलेली गाडी वळताना सरळ कोलांटी खाते. तेच पन्नास ग्रॅम काढून बुडाशी लावले की गाडी शहाण्यासारखी वळते. बघा, एक ग्रॅमही कमी केला नाही.

आणि मैदान तरी दिवसभर एक कुठे राहतं? सकाळी आठला दवाने ओलसर, अकराला सुकलेलं, दोन वाजता भुकटी, आणि मधेच कोणी बादली मारली तर चिखल. त्या त्या वेळी पाच-दहा ग्रॅम इकडून तिकडे करावे लागतात. वाण्याच्या जुन्या तराजूला एका पारड्याखाली छोटासा तुकडा बांधलेला असायचा, त्याला पासंग म्हणतात. तराजू खरा बोलावा म्हणून तो असतो. आपल्याकडे क्षुल्लक माणसाला ‘हा माझ्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतात. पण पासंगाशिवाय तराजू खोटं बोलतो, हे म्हणणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आमची सगळी विद्या म्हणजे हा पासंग कुठे बांधावा, एवढीच आहे.

ती विद्या शिकायला मात्र वेळ लागतो, आणि वेळ कोणाला नाही. म्हणून मग जागतिक विजेत्यांचे तक्ते आणले जातात. अमुक विजेत्याने नाकाशी एवढे ग्रॅम लावले, शेपटाशी तेवढे. विजेत्यांबद्दल मला आदर आहे. मसामी हिरोसाका या जपानी गृहस्थाने चौदा जागतिक विजेतेपदं मिळवली, ती काही नशिबाने नव्हेत. पण त्याचं वजन त्याच्या मैदानासाठी होतं. परदेशात गालिच्यावर जमलेलं गणित आमच्या मुरमाला लावायचं, म्हणजे शेजाऱ्याला लागू पडलेला चष्मा आपण डोळ्यांवर चढवण्यासारखं आहे. काच उत्तम असते, काडी सोन्याची असते, फक्त दिसत काही नाही.

आता दुसरा मुद्दा : पितळी वजनांचा खर्च. इथे माझं वाणिज्य शाखेचं शिक्षण, जे बँकेत अजून कोणी वापरू दिलेलं नाही, ते कामाला येतं. अर्जदारांपैकी एकाची मी चौकशी केली. त्याने गाडी हलकी करण्यासाठी सगळे पोलादी स्क्रू काढून टायटॅनियमचे बसवले. वीसेक ग्रॅम वाचले. कार्बनचे भाग बसवले, आणखी वाचले. गाडी मर्यादेच्या खाली गेली. मग त्याच दुकानातून पितळी पट्ट्या आणून ती मर्यादेपर्यंत चढवली. वजन खाते : जमा टायटॅनियम, नावे पितळ, शिल्लक शून्य. बँकेत अशी नोंद केली तर ऑडिटर विचारतो, ‘हे पैसे फिरवले कशाला?’ मी विचारलं तेव्हा भाचाच वकील होऊन पुढे आला.

“अरे मामा, वरचं वजन कमी करायचं आणि खाली लावायचं. गाडी बसकी होते. तूच सांगतोस ना?”

“बरोबर. पण स्क्रू निम्मे तर गाडीच्या बुडाशीच आहेत. तेही टायटॅनियमचे केले की नाही?”

“केले.”

“म्हणजे खालचं वजन पैसे देऊन काढलं आणि पैसे देऊन परत खालीच लावलं.”

“मामा, तू टायटॅनियमच्या विरुद्ध आहेस.”

मी टायटॅनियमच्या विरुद्ध नाही. ते उत्तम धातू आहे. मी एकाच ग्रॅमचे दोनदा पैसे घेणाऱ्या व्यवहाराच्या विरुद्ध आहे. आमच्याकडे कर्ज बुडतं तेव्हा निदान कोणीतरी मजा केलेली असते.

शिवाय वजन पितळेचंच हवं असं नियमात कुठे म्हटलंय? गॅरेजमध्ये चाकांना लावायच्या शिशाच्या पट्ट्या मिळतात. पण शिसं विषारी, पोरांनी हाताळायचं तर हात धुवायला हवेत, आणि पोरं जेवणाआधी हात धूत नाहीत तर शर्यतीत कुठून धुणार. तेव्हा मी माझ्या खात्यातली वस्तू सुचवतो. २०११ सालच्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं बरोबर सहा ग्रॅम असतं. एक रुपयाचं ३.७९ ग्रॅम. टांकसाळीने वजन पक्कं केलेलं, वर सरकारची हमी, आणि दुतर्फा चिकटपट्टीने गाडीच्या बुडाला छान बसतं. मागची पाच नाणी काढून पुढे नाकाशी लावा : तीस ग्रॅम मागून पुढे गेले, आणि बासष्ट टक्क्यांचे साठ झाले. भांडवल पंचवीस रुपये. शर्यत संपली की नाणी काढून त्याच पैशांत चहा. बुडीत कर्ज शून्य. (नाणी वितळवायची मात्र नाहीत. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि पकडलं गेल्यावर पोरं माझं नाव सांगतील.)

तिसरा मुद्दा, हलकी गाडी आपटली तर कमी मोडते. हा मात्र मी मान्य करतो. आपटताना जोर कमी असतो. पण वजनासाठी पातळ केलेला भाग लवकर तुटतो, हेही त्याच हिशेबात धरा. या बाबतीत दोन्ही बाजू बरोबरीत सुटतात.

आता राहिला तो मुद्दा, जो अर्जात नाही. आमच्याकडे एक मुलगा येतो. नाव सांगत नाही. त्याला आवडणार नाही. कोणाकडून तरी तिसऱ्या हाताने घेतलेली जुनी गाडी, डाग दिलेली, एका बाजूला तारेने बांधलेली. माझ्या काट्यावर ती १,५६० भरते. जुने जड भाग, बदलायला पैसे नाहीत. आजच्या नियमात समोरच्यांच्या गाड्या १,५०० च्या. फरक साठ ग्रॅमचा. मोटर सारखी धरली तर कागदावर समोरच्याला धाव चार टक्के जास्त मिळते. चार टक्के हुशारीने भरून काढता येतात, आणि तो काढतो. बॅटरी बोटभर पुढे सरकवतो, टायरची खूण बघतो, दर तासाला मैदानावर वाकून मातीला हात लावतो. आता नियम उठवा. त्याच समोरच्या गाड्या उद्या १,३८० वर येतील. फरक एकशे ऐंशी. धाव तेरा टक्के जास्त. तेरा टक्के मातीला हात लावून भरून निघत नाहीत. ते दुकानातून आणावे लागतात.

‘वजनाची सक्ती म्हणजे बेडी’ म्हणणाऱ्यांनी ही बेडी कोणाच्या पायात आहे ते एकदा बघावं. घोड्यांच्या शर्यतीत, आपल्या महालक्ष्मीलासुद्धा, हँडिकॅपच्या शर्यतीला चांगल्या घोड्यावर जास्त वजन देतात. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या भरतात. घोडा अर्ज करत नाही. फॉर्म्युला वनमध्ये २०२२ साली गाडीची किमान मर्यादा ७९८ किलो होती, आणि कित्येक संघ तिच्यापर्यंत खाली यायला गाडीचा रंग खरवडत होते. विचार करा, मर्यादाच नसती तर काय काय खरवडलं असतं. त्याच खेळात २०१९ साली चालक आणि त्याची खुर्ची मिळून निदान ८० किलो धरायचा नियम आला. कमी भरलं तर उरलेलं वजन त्याच्या बसायच्या जागेपाशीच लावावं लागतं. त्याआधी उंच चालकाला उपाशी राहायची पाळी यायची. कोट्यवधी उधळणाऱ्यांनासुद्धा जे कळलं ते आम्हाला एका पडीक मैदानावर कळू नये?

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. नियम राहिला तरी संपूर्ण समता येत नाही. ज्याची गाडी १,३८० ची आहे त्याला एकशे वीस ग्रॅम हवे तिथे लावता येतात. त्या मुलाला आहे तेच सरकवावं लागतं. म्हणजे श्रीमंताला पासंग निवडता येतो, गरिबाला नाही. हे अंतर कोणत्याच नियमाने बुजत नाही. पण जे अंतर अर्धवट भरता येतं, ते ‘पूर्ण भरता येत नाही’ म्हणून आणखी खणून ठेवायचं, हा कुठला न्याय? आमच्याकडे कॅशमध्ये पाच रुपये कमी आले म्हणून कोणी तिजोरी उघडी टाकून घरी जात नाही.

तेव्हा सात अर्जदारांना वजनदार या नात्याने माझं उत्तर पुढीलप्रमाणे. किमान वजनाचा नियम राहील. वजन म्हणून नाणी चालतील. नवीन येणाऱ्या प्रत्येकाने पहिले चार रविवार काहीही विकत न घेता फक्त आहे ते वजन पुढे-मागे, वर-खाली करून दहा-दहा फेऱ्यांची सरासरी वहीत लिहायची. सगळ्यांत चांगली फेरी नव्हे, सरासरी. एका वेळी एकच बदल. आणि वहीत पहिला रकाना मैदानाचा : ओलं, घट्ट, सुटं. ज्याला हा रकाना भरता येत नाही त्याला वजनाबद्दल बोलायचा अधिकार नाही, मग त्याची गाडी कितीही हलकी असो.

अर्ज नामंजूर करतो आहे. नियमाप्रमाणे कारणं लेखी दिली आहेत, पोच घेऊन जावी. आणि पुढच्या रविवारी येताना सुटे पैसे घेऊन यावेत. पाच-पाचची नाणी असतील तर उत्तम.